मेलेला ईसीएम बोलत होता आणि मी बायकोला गप्प बसवलं

गाडीच्या दुरुस्तीत एकूण 41,550 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "एवढ्याशासाठी एवढं लिहिलंय" असं कुणाला वाटायला नको. सेन्सर 3,850, तो बसवायची मजुरी 1,200, स्कॅनिंग 800, "ईसीएम (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) बदली व कोडिंग" 31,500, "वायरिंग काम" 4,200. पहिल्या तिघांबद्दल माझी तक्रार नाही. शेवटचे दोन म्हणजे निव्वळ दरोडा.

गॅरेजात नसलेला आजार कसा काढतात हे कुणालाच नवीन नाही. मलाही माहीत होतं. घरच्या गाडीचं ऑइल मी स्वतः बदलतो, एअर फिल्टर स्वतः साफ करतो. तरी फसलो.

गाडी तापली की चालता चालता बंद पडायची, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. स्कॅनरवर पी0335 हा कोड आला, म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या (इंजिन किती फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) सर्किटमधला दोष. लक्षणं आणि कोड जुळत होते म्हणून सेन्सर बदलायला हो म्हटलं, आणि त्यात माझी चूक नव्हती असं मी आजही म्हणतो. सकाळी गाडी मी स्वतः चालवत गॅरेजात नेली. संध्याकाळी नवा सेन्सर बसला आणि गाडी सुरूच होईना. सेल्फ मारला की स्टार्टर खणखणीत फिरायचा, इंजिन मात्र पकडायचं नाही.

सकाळी चालणारी गाडी संध्याकाळी चालत नसेल, तर मधल्या वेळात जिथे हात लागला तिथेच आधी बघायचं. कपलर (सेन्सरला वायरी जोडणारा प्लग) पूर्ण बसला का, पिन वाकली का, वायर कुठे चिमटली का, काम करताना सोडलेली अर्थची वायर परत लावली का, फ्यूज उडाला का. हे सगळं मला येत होतं. विचारलं मात्र एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकचा फोन आला, "सर, ईसीएम उडालाय. पूर्ण डेड आहे." आम्ही दोघं गेलो. त्याने माझ्यासमोर स्कॅनर लावला, पी0335 पुसला, सेल्फ मारला, कोड पुन्हा हजर. "बघा, नवीन सेन्सर टाकूनही तोच कोड. म्हणजे ईसीएमच." मी मान डोलावली. मागून बायकोने विचारलं, "अहो, ईसीएम मेलाय तर हे मशीन बोलतंय कुणाशी?"

कोड साठवतो ईसीएम. स्कॅनरला सांगतो ईसीएम. पुसल्यावर पुन्हा तपासून दोष नोंदवतो तोही ईसीएमच. मेलेला माणूस उठून स्वतःच्या मृत्यूचा दाखला वाचून दाखवत होता आणि मी "खरंय, खरंय" करत होतो. बायकोला काय म्हणालो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो: "तुला त्यातलं काय कळतं, जरा थांब." त्यावर मेकॅनिक गालात हसला. ते हसू मला अजून रात्री दोन वाजता आठवतं.

आता कुणी जाणकार म्हणेल की ईसीएमचा एखादा भाग जाऊनही बाकीचा बोलू शकतो. शकतो ना. पण मग ते मोजून दाखवा. तीन वायरींचा सेन्सर होता. कपलरवर 5 व्होल्ट येतायत का (काही गाड्यांत 12 असतात), अर्थ मिळतोय का, सिग्नलची वायर ईसीएमपर्यंत सलग आहे का, एवढं बघायचं होतं. मल्टिमीटर त्याच्याच टेबलावर पडलेला होता, त्याने हातात घेतला नाही. मोजमाप न दाखवता ईसीएमचं नाव घेणाऱ्या माणसाकडून गाडी सरळ उचला, टोइंगचे पैसे गेले तरी चालतील.

माझी बाजूही ऐका. त्या शुक्रवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि गाडी हवी होती. घाईत माणूस विचारत नाही, फक्त "किती?" म्हणतो. 20,000 आगाऊ दिले, तेही रोख, कारण "रोखीत जरा कमी करतो." काही कमी केलं नाही.

गुरुवारी गाडी सुरू झाली. जुना ईसीएम मागितला तर म्हणाला, "तो एक्सचेंजमध्ये गेला." जुना पार्ट हातात येईपर्यंत उरलेले पैसे देऊ नका. मी दिले.

अकराव्या दिवशी गाडी भर रस्त्यात बंद. तेच सगळं, स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. या वेळी दुसऱ्या एका वायरिंगवाल्याला बोलावलं. त्याने आधी स्कॅनर बाहेरही काढला नाही. "तुम्ही सेल्फ मारा, मी काटा बघतो." आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा शून्यावर चिकटलेला. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना तो थोडा तरी हलतो. मग त्याने स्कॅनरवर लाइव्ह आकडे लावले, तिथेही आरपीएम शून्य. स्टार्टर फिरवत असताना तिथे दोनशेच्या आसपास काहीतरी दिसायला हवं. तो खाली झोपला, कपलर काढला आणि टॉर्च धरून मला दाखवला. तीन पिना, त्यातली कडेची पिन दोन मिलिमीटर मागे सरकलेली, तिची पकडणारी जीभ दबलेली. सेन्सर बदलताना कुणीतरी वायरीला धरून कपलर ओढला होता. त्याने बारीक पेचकसाने जीभ वर केली, पिन पुढे ढकलली, कपलर दाबला. टक. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. 600 रुपये.

मग त्यानेच बॅटरीशेजारचा ईसीएम दाखवला. नटांवर कारखान्यातली पिवळ्या रंगाची खूण, न तुटलेली. ब्रॅकेटवर धुळीचा थर. गेल्या वर्षी बॅटरी बदलताना काढलेल्या फोटोत स्टिकरवरचा नंबर दिसत होता. तोच नंबर, आकडा न् आकडा. म्हणजे ईसीएम जागचा हललाच नव्हता. कपलर दाबून गाडी सुरू केली आणि 31,500 घेतले. वर "वायरिंग काम" 4,200. ते काम बहुधा अंगठ्याने केलं असावं. (तुमच्याही ईसीएमच्या स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा.)

पहिल्या मेकॅनिककडे गेलो तर, "सर, तेव्हा गाडी चालू करून दिली होती की नाही?" पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं आणि सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, न बदललेल्या वस्तूचे पैसे घेणं ही फसवणूक नाही का? "नट आज बदलला की तेव्हा, हे आम्ही कसं ठरवणार?" अहो, नट बदललाच नाही हीच तर तक्रार आहे! ग्राहक तक्रार कक्षाला फोन केला तर म्हणे पक्कं बिल पाठवा. माझ्याकडे हाताने लिहिलेला कागद, त्यावर "ई.सी.एम. काम", ना नंबर ना शिक्का. तरी तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी मेसेज: समोरच्या पक्षाने उत्तर दिले आहे, तक्रार बंद. काय उत्तर दिलं? ते कळवता येत नाही. मग ग्राहक आयोगाकडे जा. तिथे खिडकीवरचा माणूस म्हणाला, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. वायरिंगवाला लेखी द्यायला तयार नाही, त्याला याच धंद्यात राहायचंय. त्यालाही दोष देत नाही. पण मग मी नेमकं कुणाकडे जायचं होतं, हे एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. प्रत्येकाने फक्त पुढचं टेबल दाखवलं.

बिलावर पार्टचा नंबर लिहून घ्या. रोख देऊ नका. आणि सेन्सर बदलल्यावर गाडी सुरू होत नसेल तर पैशाची गोष्ट काढायच्या आधी म्हणा, "कपलर माझ्यासमोर काढून दाखवा."

हल्ली गाडी बहुतेक बायकोच चालवते. किल्ली फिरवताना आधी काट्याकडे बघते, मग माझ्याकडे.