यूव्ही टॉर्च आणि चमकणाऱ्या जेलचं किट: पॅरामेडिक शिकवत असाल तर घ्याच

मी पॅरामेडिकच्या मुलांना इन्फेक्शन कंट्रोल शिकवते, आणि या विषयात वर्गासाठी घेतलेली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे हे किट. जेलची बाटली, तशीच चमकणाऱ्या बारीक पावडरची डबी आणि एक यूव्ही टॉर्च, बस्स. जेल लोशनसारखं चोळायचं, रोजच्यासारखे हात धुवायचे, लाईट बंद करून टॉर्च मारायची, जिथे धुतलं गेलं नाही तिथे चमकतं. अंगठा, बोटांची टोकं, नखांच्या कडा, अंगठीखाली, बहुतेकांचं तिथेच राहतं. डब्ल्यूएचओचं साबणाने 40 ते 60 सेकंद, हँडरबने (हाताला चोळायच्या सॅनिटायझरने) 20 ते 30 सेकंद हे सगळ्यांना पाठ असतं, पण स्वतःचा चमकणारा अंगठा बघितल्यावर मुलं न सांगता परत बेसिनकडे जातात.

पण नुसतं बेसिनपाशी वापरलंत तर अर्धे पैसे वाया. खरी मजा अँब्युलन्समध्ये आहे. मॅनिकिनच्या (सरावाच्या पुतळ्याच्या) छातीवर आणि हातावर पावडर लावा, मुलांना ग्लोव्ह्ज घालून पूर्ण केस करू द्या, बीपी, ऑक्सिजन, स्ट्रेचरवर घेणं, सगळं, आणि मग दारं बंद करून टॉर्च फिरवा. बीपीचा कफ, मॉनिटरची बटणं, ऑक्सिजनचा नॉब, स्ट्रेचरचा दांडा, दाराचं हँडल, कधीकधी पुढे ड्रायव्हरच्या मोबाईलपर्यंत पावडर पोचलेली असते. ग्लोव्ह्ज घातले म्हणजे आपण सेफ हा समज तिथल्या तिथे जातो, कारण पेशंटचं सगळं त्याच ग्लोव्हवरून गाडीभर गेलेलं दिसतं. हँड हायजीनचे पाच मोमेंट्स, म्हणजे हात कधी स्वच्छ करायचे त्या पाच वेळा, त्यात पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतरचा पाचवा, मी आता इथूनच शिकवते.

टॉर्च मात्र बघून घ्या. आमच्या किटमधली 395 नॅनोमीटर तरंगलांबीची होती, तिचा जांभळा उजेडच एवढा की फिकट डाग दिसतच नाहीत, 365 वाली वेगळी घेतली तेव्हा फरक कळला. डोळ्यावर मारायची नाही. आणि पांढरे शर्ट तसेही चमकतात, कपडे धुवायच्या पावडरमधल्या ब्रायटनरमुळे, तर ते जेल समजू नका.

अजून एक, हे जंतू दाखवत नाही, फक्त जेल कुठे राहिलं ते दाखवतं, आणि ही टॉर्च जंतू मारत पण नाही, ते काम यूव्ही-सीचं, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या वेगळ्या यूव्हीचं. हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर हात चमकले नाहीत म्हणजे निर्जंतुक असं डोक्यात बसतं.

ज्यांना शिकवण्याबरोबर रिसर्चकडे जायचंय त्यांनी तर घ्याच. अमेरिकेत फिलिप कार्लिंग यांनी हॉस्पिटलच्या खोल्यांची सफाई नीट होते का ते अशाच चमकणाऱ्या खुणा लावून तपासलं होतं, तेच अँब्युलन्समध्ये करता येतं, ठरलेल्या जागांवर ठिपके लावायचे, शिफ्टनंतरच्या सफाईनंतर किती पुसले गेले ते मोजायचं, ट्रेनिंग द्यायचं, परत मोजायचं. एटीपी मीटर (पृष्ठभागावर जैविक घाण किती राहिली ते मोजणारं यंत्र) महाग, कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, लॅब लागते, आणि आपल्याकडे नव्याने शिकवायला लागलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. फक्त ठिपके लावल्याचं क्रूला आधी कळू देऊ नका, नाहीतर त्या दिवशी गाडी जास्तच घासली जाते, आणि एथिक्स कमिटीची परवानगी सुरुवात करायच्या आधीच घेऊन ठेवा.