फुकटच्या सॉफ्टवेअरचे ६४,९०० रुपये

पत्रिकेवर कार्टून नाचवायचं सॉफ्टवेअर घेताना मी फसलो. आधी आकडे सांगतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. कॅरेक्टर पॅक २८,०००, एआर पॅक (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं की खऱ्या वस्तूवर चित्र उभं दिसतं ते) ३२,०००, दोन्ही एकदम घेतले तर ५५,०००. वर १८ टक्के जीएसटी ९,९००. झाले ६४,९००. त्यातले २५,००० यूपीआयने, ३९,९०० एनईएफटीने. गिऱ्हाइकाला परत करावे लागले ते ११,५०० वेगळे.

सांगलीत माझा छपाईचा धंदा आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, फ्लेक्स. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी आटोपल्यावर, एक गिऱ्हाईक मोबाइलवर व्हिडिओ घेऊन आलं. पत्रिकेवर फोन धरला की कार्टूनमधले नवरा-नवरी पत्रिकेवर उभे राहून नाचतात. ‘असं कराल का?’ आता धंद्याला बसलेला माणूस नाही कशाला म्हणेल?

शोधाशोध केली तर दोन प्रकारची सॉफ्टवेअर दिसली, बाहुले हलवायची आणि एआरची. मला एकच परवडणार होतं. पुण्याचा एक विक्रेता होता, स्वतःला ‘अधिकृत भागीदार’ म्हणवणारा. त्याला फोनवर विचारलं, यातलं कुठलं घेऊ? तो म्हणाला, ‘दादा, नुसत्या अ‍ॅनिमेशनचा जमाना गेला, आता एआर. पण एआरमध्ये दाखवायला कॅरेक्टर नको का? कॉम्बोच घ्या, लाइफटाइम आहे.’

यातलं दोन्ही लागतं हे खरं आहे, म्हणून तर पटलं. एकात कळसूत्री बाहुली बनते, दुसऱ्यात तिचा रंगमंच. पण तो मला जे विकत होता ते कंपन्या फुकट देतात, हे तो कशाला सांगेल!

पॅकमध्ये काय निघालं ते ऐका. नाचणारं बाहुलं मिक्सामोचं, म्हणजे बाहुल्यांना हालचाल देणाऱ्या साइटचं. ते अडोबीकडे आहे आणि साधं खातं उघडलं की कुणालाही मोफत. एआरसाठी युनिटी (गेम आणि एआर अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर), तेही पर्सनल आवृत्ती, जी वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्यांना फुकट आहे. माझी उलाढाल डॉलरमध्ये मोजायची वेळ कधी आलेली नाही. पत्रिकेवरचं चित्र ओळखायला वुफोरिया, आणि त्याची ‘ओरिजनल लायसन्स की’. ही की म्हणजे अक्षरं-आकड्यांची चांगली तीन-चार ओळींची माळ. त्याने ती लेटरहेडवर छापून, शिक्का मारून पाठवली होती. मी ती लॅमिनेट करून ठेवली. वुफोरियाच्या साइटवर खातं काढून बटण दाबलं की अशी की मिळते, हे नंतर कळलं.

उरलं माया, ऑटोडेस्क कंपनीचं थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर. ते एकटंच खरोखर महागाचं, आणि तेच सगळ्यात खोटं.

डेमो ऑनलाइन होता. त्याने त्याच्या स्क्रीनवर मिक्सामो उघडलं, वरची पट्टी दिसू नये म्हणून फुल स्क्रीन करून. बाहुल्याच्या हनुवटीवर, मनगटांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर आणि जांघेत एकेक गोल ठिपका ओढून ठेवला, आणि थोड्या वेळात बाहुलं नाचायला लागलं. मी विचारलं, नवरदेव घोड्यावर बसवता येईल का? ‘घोडा पुढच्या अपडेटला.’ मिक्सामो दोन पायांच्या आकृतीलाच सांगाडा बसवतं, घोडा त्यात कधीच नव्हता.

मग माया. लॉगिन करताना ईमेल दिसला आणि त्याच्या शेवटी एका कॉलेजचं नाव होतं. पुण्याचंही नाही, कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातलं. खटकायला हवं होतं ते इथे. खटकलं नाही असंही नाही, मी लगेच विचारलं. तो तेवढ्याच गतीने म्हणाला, ‘ते सर्व्हरचं नाव आहे साहेब, बल्क लायसन्स असंच येतं.’ आता सांगा, ऑफसेटच्या शाईत आयुष्य गेलेल्या माणसाने यावर काय उलट विचारायचं? ‘एवढंही कळलं नाही का’ म्हणणाऱ्या माझ्या भाच्याने स्वतः गेल्या वर्षी वर्क फ्रॉम होमच्या नादात पैसे घालवलेत. तेव्हा गप्प बसावं.

ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना माया एक वर्षासाठी मोफत देतं, धंद्यासाठी वापरायचं नाही या अटीवर. तीच खाती काढून हे लोक विकतात. शिवाय ऑटोडेस्कने कायमची लायसन्स विकणं २०१६ मध्येच बंद केलंय, अडोबीचं तर त्याआधीपासून महिन्या-वर्षाचं भाडंच आहे. म्हणजे या दोघांच्या मालावर कुणी ‘लाइफटाइम’ म्हणालं की फोन ठेवा. माझं लाइफटाइम मार्चमध्ये संपलं. खातंच उघडेना.

पण त्याआधी जानेवारीने घात केला. त्याने सांगितलं होतं, पाहुण्यांना वेगळं अ‍ॅप नको, इन्स्टाग्राममधूनच पत्रिका स्कॅन होईल, इन्स्टाग्रामवाल्या मेटाच्या स्पार्क एआर या इफेक्ट बनवायच्या सोयीवर. डिसेंबरात मी माघातल्या एका लग्नाच्या ३०० पत्रिका छापायला घेतल्या. कोपऱ्यात ‘इन्स्टाग्रामवर स्कॅन करा’. १४ जानेवारी २०२५ ला मेटाने स्पार्क एआर बंद केलं. बाहेरच्यांनी बनवलेले सगळे इफेक्ट त्या दिवशी गेले. आणि याची घोषणा मेटाने ऑगस्ट २०२४ मध्येच केली होती! मला विकलं नोव्हेंबरात. मेलेली म्हैस दुभती म्हणून गळ्यात मारली. मुलीचे वडील दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर बोलले ते इथे लिहीत नाही. ११,५०० मुकाट्याने काढून दिले.

(सोनेरी फॉइलची पत्रिका एआरला घेऊ नका, हेही कुणी सांगत नाही. फॉइल चमकतं, कॅमेरा चित्र हरवतो. वुफोरिया चित्राला पाच तारकांपैकी गुण देतं. आमच्या साध्या लाल पाठीवरच्या गणपतीला एक मिळाली.)

बिल कधीही नीट वाचा. वर ‘एस्टिमेट’ लिहिलं असेल तर ते बिल नव्हे. १५ अक्षरी जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द ते फुकट दिसतं. माझ्यावाल्याची रद्द. तरी ९,९०० रुपये जीएसटी म्हणून घेतले, ते गेले कुठे?

मग सुरू झाली वरात. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला. उत्तर आलं: पैसे तुम्हीच पाठवलेत ना, माल मिळालाय ना, मग पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात हवालदारांना फोनवर नमुना दाखवला, त्यात नवरदेव मस्त नाचला. ‘अहो, चालतंय की!’ शेजारच्या टेबलावरचेही उठून बघायला आले. एकाने विचारलं, पोराच्या वाढदिवसाला असं करून देता का? तक्रार राहिली बाजूला. साहेब आले ते म्हणाले, ‘हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. आणि विक्रेता पुण्याचा, तिकडे तक्रार द्या.’ पुण्याचे म्हणाले, पैसे सांगलीतून गेले, तिकडे द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, जुनं ४२० म्हणा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घेऊन पुढे पाठवता येते. हे मी सांगितलं तर ‘तुम्ही वकील आहात का?’ नाही, मी लुबाडला गेलेला माणूस आहे! अर्ज घेतला, पोच मात्र दिली नाही. पोच मागितली की साहेब बंदोबस्तावर.

माहितीतल्या एका वकिलाने वेगळंच सांगितलं: ब्लेंडरसारखं (तेही थ्रीडी अ‍ॅनिमेशनचंच) मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकणं गुन्हा नाही. बरोबर आहे, परवाना तशी मुभा देतो. पण खोटा जीएसटी, विद्यार्थ्याचं खातं, आणि बंद होणार हे जाहीर झालेलं स्पार्क, यांना कुठला परवाना?

ग्राहक आयोगात विचारायला गेलो तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही. डोकं भणाणलं. घरी येऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढला. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलंय: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारण’ धरत नाहीत. छापील कागद घेऊन परत गेलो. तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. ५ लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. हे खिडकीवर पाटी लावून का सांगत नाहीत?

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. डेमोचं रेकॉर्डिंग मागा, नाही म्हणाला तर व्यवहारही नाही म्हणा. आणि आधी ब्लेंडर उतरवून घ्या, माइंडएआर बघा, ते ब्राउझरमध्येच चित्र ओळखतं, मोफत आहे. दोन-तीन रात्री त्यात घालवा, मग कळेल पैसे कशाला मोजायचे.

त्याचा नंबर बंद आहे. दुसऱ्या नावाने ‘कॉम्बो ऑफर ४९,०००’ चा मेसेज फिरतोय, फोटोत तोच नाचणारा नवरदेव आहे. आयोगाची नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आली, आता नवा पत्ता मीच शोधून द्यायचाय. पुण्यात कुणाला तो माहीत असेल तर कळवा.