पतंगांच्या नोंदीसाठी बादलीचा प्रकाश सापळा : एका पावसाळ्याचा अनुभव

नाशिकच्या कृषी सेवा केंद्रात प्रकाश सापळा मागितला, तर बहुधा द्राक्ष-डाळिंबाच्या बागांसाठीचा मिळतो, ज्याच्या दिव्याखालच्या पाण्यात किडे पडून मरतात. मला मात्र गंगापूर रोडवरच्या आमच्या परसबागेतले पतंग जिवंत पाहून, नोंदवून सोडून द्यायचे होते; म्हणून जूनमध्ये मी बॅटरीवर चालणारा, अतिनील एलईडी दिव्याचा बादली-सापळा ऑनलाइन मागवला.

त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. दिव्याभोवतीच्या उभ्या पारदर्शक पट्ट्यांवर आदळलेला पतंग नरसाळ्यातून बादलीत उतरतो आणि आत ठेवलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या खळग्यांत सकाळपर्यंत शांत बसून राहतो. त्यामुळे पंखांवरचे खवले फारसे झडत नाहीत, आणि ओळख पटवायला नक्षीच पाहावी लागत असल्याने हा मोठाच फायदा आहे. जुलैतल्या एका सकाळी कण्हेरीवर वाढणारा हिरवा डॅफ्निस नेरी पुठ्ठ्यावर बसलेला मिळाला, तेव्हा फोटो काढून झाल्यावरही मी बराच वेळ त्याच्यापाशीच बसून होतो.

दोष एकच, पण गंभीर आहे. झाकण आणि नरसाळे यांच्यातल्या फटीतून पावसाचे पाणी आत जाते आणि बादलीच्या तळाला ते निघून जायला भोकच नाही. पहिल्याच मोठ्या सरीत कितीतरी बारीक पतंग बुडाले, याचे मला फार वाईट वाटले. तळाला भोके पाडून वर बारीक जाळी चिकटवल्यावर हा प्रश्न सुटला. पण साडेचार हजार रुपये घेणाऱ्या विक्रेत्याने ते आधीच करायला हवे होते.

नोंदवहीत तारखेसोबत पाऊस आणि चंद्राची तिथी अवश्य लिहावी, कारण पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात पतंग कमी येतात. शिवाय सापळ्यात आला नाही म्हणजे तो पतंग बागेत नाही, असे समजू नये. आमच्या कुंपणावरच्या गुळवेलीवर युडोसिमाच्या अळ्या दिसतात, पण फळांचा रस शोषणारे हे पतंग उजेडाकडे फारसे येत नाहीत. त्यांच्यासाठी मी पिकलेली केळी ठेवतो.

सकाळी पतंग सोडण्याची जागा मात्र रोज बदलावी. आठवडाभर मी ते एकाच अडुळशाखाली सोडले, तर दयाळाची जोडी माझ्याआधीच तिथे येऊन बसू लागली.