बेळगावच्या उद्यमबागेतलं सर्किट बोर्ड डिझाईनचं दुकान: काम चोख, वेळेचं तेवढं बघा

खानापूरकडच्या ऊसवाल्यांसाठी मी पंपाचे टायमर बनवतो. आधीचा बोर्ड दुसरीकडून काढून घेतला होता. घड्याळाला ठोके देणारा क्रिस्टल चिपपासून दोन इंच लांब, खालून पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेची लाईन, वर ३३ पिकोफॅरडचे कपॅसिटर! घड्याळ महिन्याला दीड-दोन मिनिटं मागं पडायचं, रिले पडली की कधी चिपच अडकायची. रात्री तीनला शेतकऱ्याचा फोन येतो तेव्हा कळतं की ओ.

इथल्या पोरानं आधी डेटाशीट (पार्टचं माहितीपत्रक) मागितलं. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, लोड (त्याला लागणारी कपॅसिटन्स) १२.५ पिकोफॅरड; ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) आणि पिनांचे साडेतीन वजा करून दुप्पट, म्हणजे १८ चे दोन कपॅसिटर, तेही सी-झिरो-जी, म्हणजे तापमानानं जवळपास न बदलणारे. क्रिस्टल पिनांना चिकटून, खाली ग्राउंडचा अखंड तांब्याचा थर, कपॅसिटरचं ग्राउंड थेट चिपच्या ग्राउंड पिनजवळ. सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसून काढा म्हणून बजावलं, कारण आमच्या पावसाळी दमटपणात त्यातून करंट गळतो आणि क्रिस्टल सुरूच होत नाही.

चार दिवस सांगून अकरा लावले. चहा मात्र दर खेपेला पाजला. पुढचा बोर्डही तिथंच टाकलाय.