लघुरेल्वेच्या देखाव्यासाठी एन-२० गिअर मोटर

गाडी रुळांवरून धावत असताना तिच्या भोवतालचे सारे जग निश्चल उभे असणे, ही घरगुती लघुरेल्वेची जुनी उणीव आहे आणि कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयातून परतल्यावर ती अधिकच जाणवते. ती भरून काढण्यासाठी बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत मिळणारी एन-२० गिअर मोटर (दातेरी चाके जोडलेली, सावकाश फिरणारी इवलीशी मोटर) मी १:८७ प्रमाणातील जत्रेच्या आकाशपाळण्याला आणि पाणचक्कीला जोडली.

तिचा खरा गुण मंदपणा हा आहे. खेळण्यातील साध्या मोटरचे व्होल्टेज उतरवले की वेगाबरोबर ताकदही जाते आणि ती सुरू होतानाच अडखळते. एन-२० मध्ये मात्र धातूच्या दातेरी चाकांची माळ वेग कमी करताना पीळ, म्हणजे फिरवण्याची ताकद, वाढवते, त्यामुळे १२ व्होल्टची, मिनिटाला ३० फेऱ्यांची मोटर ६ व्होल्टवर सुमारे निम्म्या वेगाने, न अडखळता फिरते. तिचा गिअरबॉक्स जेमतेम १२ मिमी रुंद आणि १० मिमी जाड असल्याने पाणचक्कीच्या झोपडीत ती सहज लपते.

पाळण्याने मात्र तिची उणीव उघड केली. दातांमध्ये थोडी मोकळीक असते, त्यामुळे पाळण्याची एक बाजू किंचित जड असली तरी ती माथ्यावरून उतरताना चाक मोटरच्या पुढे धावते आणि मग झटका बसतो. पाळणे तोलून घेणे आणि आसावर फेल्टची चकती घालून हलकासा अटकाव देणे, हा त्यावरचा चांगला उपाय ठरला. आवाज ही दुसरी तक्रार: मोटर थेट प्लायवुडला आवळली तर सारे टेबल ढोलासारखे घुमते आणि घरातील मंडळी चौकशीला येतात, खाली रबराची पट्टी दिल्यावर तो सुसह्य होतो. मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ क्रमांकाचा सिरॅमिक कपॅसिटर लावणे इष्ट, कारण ब्रशच्या (मोटरच्या आत वीज पोचवणाऱ्या घासत्या तुकड्यांच्या) ठिणग्यांमुळे होणारा विद्युत गोंगाट त्याने कमी होतो.

रेल्वे फाटकासाठी ही मोटर मी सुचवणार नाही. दांडी वर आणि खाली अचूक थांबवण्यासाठी दोन लिमिट स्विच (दांडी टेकताच वीज तोडणारी बटणे) आणि दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जोडावे लागतात. ते काम ९ ग्रॅमचा एसजी-९० सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर) सुबकपणे करतो, मात्र त्याला स्पंदने पुरवणारे छोटे सर्किट लागते आणि वीज सुरू होताच दांडी एकदा दचकते.

खरेदी करताना व्होल्टेज आणि फेऱ्या दोन्ही सांगूनच मोटर मागावी, कारण निरनिराळ्या वेगांच्या मोटरी दिसायला जवळजवळ सारख्याच असतात. तपासून पाहण्यासाठी तिचा दांडा हाताने पिळू नये; एवढ्या मोठ्या गिअर प्रमाणात उलटा जोर दिल्यास दाते दुखावतात. दुकानदाराकडूनच बॅटरीवर फिरवून घ्यावी.