ट्रॉप-आय की सीपीके-एमबी?

मावसभावाचा मेसेज आला, काकांच्या छातीत दुपारी दुखलं, लॅबवाला विचारतोय रक्ताची ट्रॉप-आय (म्हणजे ट्रॉपोनिन आय) करू की सीपीके-एमबी, दुसरी स्वस्त पडेल म्हणे. म्हटलं आधी तिथून उठ, ईसीजी निघेल अशा हॉस्पिटलात ने, रक्त तिथेच घेतील.

आता फरक. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात जे वाढतं, ते या दोन्ही टेस्ट मोजतात. सीपीके-एमबी हृदयाच्या स्नायूत असतं पण थोडं हातापायाच्या स्नायूतही, म्हणजे कोणी जिन्यावरून जोरात पडलं तरी आकडा वर जाऊ शकतो. ट्रॉपोनिन आय हृदयाच्या स्नायूचंच. अर्थात वाढलं म्हणजे अटॅकच असं नाही हां, किडनीच्या पेशंटचं, फुप्फुसात गुठळी झालेल्याचंही वाढलेलं असतं, म्हणून आकडा चढतोय की तिथंच आहे हे बघतात.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही दुखल्यावर काही तासांनी वाढतात, पण एमबी २-३ दिवसांत उतरतं, ट्रॉपोनिन आठवडाभर तरी राहतं. हाय-सेन्सिटिव्ह ट्रॉपोनिन, म्हणजे अगदी थोडी वाढही दाखवणारी टेस्ट, लवकर पकडतं, १ ते ३ तासांनी पुन्हा करून ठरवता येतं. ती ट्रॉपोनिनचीच कार्डवर रक्ताचे थेंब टाकून रेघ बघायची टेस्ट असते ना, ती दुखल्यावर लगेच निगेटिव्ह आली म्हणून घरी येऊन झोपू नका.

छातीत आत्ता दुखतंय किंवा चार दिवसांपूर्वी दुखलेलं, दोन्हीला ट्रॉपोनिनच, जमल्यास हाय-सेन्सिटिव्ह. एमबी फक्त ट्रॉपोनिन मिळतच नसेल तिथे, किंवा अटॅकनंतर काही दिवसांत पुन्हा दुखलं आणि डॉक्टरांनी मागितली तर.