स्पॅनिश साहित्यावर बोलायचंय: शब्दकार्डं की समीक्षा वाचन?

स्पॅनिश कादंबऱ्यांवर बोलता यावं म्हणून धडपडणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, शब्दांची कार्डं पाठ करू की स्पॅनिश समीक्षा वाचू? दोन्ही करून पाहिलंय, म्हणून सांगते.

वेळेच्या बाबतीत कार्डं सरस. रोज पंधरा मिनिटं दिली की 'त्रामा' (कथानक), 'देसेनलासे' (शेवट), 'नार्रादोर' (निवेदक) महिन्याभरात तोंडपाठ. समीक्षेचं एक पान सुरुवातीला तासभर खातं.

पण अर्थाच्या छटा? इथे कार्डं सपशेल तोकडी पडतात. 'पेर्सोनाखे' म्हणजे कथेतलं पात्र आणि 'काराक्तेर' म्हणजे स्वभाव. इंग्रजीच्या सवयीने दुसरा शब्द पात्रासाठी वापरला की घोटाळा. 'आर्गुमेंतो' म्हणजे युक्तिवाद, पण कादंबरीबद्दल बोलताना कथानकही. सगळ्यात मोठा सापळा 'मोदेर्निस्मो'. स्पॅनिशमध्ये तो निकाराग्वाचा कवी रुबेन दारिओ याच्या 1888 च्या 'आसुल' या पुस्तकाशी जोडलेला काव्यप्रवाह. इंग्रजी मॉडर्निझमच्या (विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रयोगशील साहित्याच्या) जवळचा शब्द हवा तर 'बांगुआर्दिया'. कार्डावर एका ओळीचा अर्थ असतो, त्यात हे कुठून कळणार?

बोलताना तर वाचनच कामी येतं. 'ला नोबेला त्राता दे...' (ही कादंबरी अमुक विषयावर आहे) अशी तयार वाक्यं समीक्षेतूनच जिभेवर बसतात.

परीक्षा तोंडावर असेल किंवा पाया कच्चा असेल तर कार्डंच धरा. साधा मजकूर वाचता येत असेल आणि वाचकांशी गप्पा मारायच्या असतील, तर समीक्षा वाचा आणि अडलेल्या शब्दांची कार्डं स्वतःच करा.